वैऱ्याच्या तबकड्या

"साहेब, तुमचा देव येतोय."

रेकॉर्डींच्या दुकानवाल्या बाई हे म्हणाल्या तेव्हा निरीक्षकाच्या हातात एक रेकॉर्ड होती. कव्हरातून बाहेर काढून, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून तो तिच्यावरचे ओरखडे बघत होता. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते तेव्हा झालं. रेकॉर्ड त्याच्या बोटांतून सुटली. पडली मात्र नाही. काउंटरच्या कडेवर आपटून ती मागे आली आणि त्याच्या पोटाने ती अडवली. सरकारी नोकरीत कमावलेलं पोट असं कधीकधी उपयोगी पडतं. "सांभाळून हो, मोडलीत तर घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या आणि दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवून त्याच्याकडे कौतुकाने बघू लागल्या. नवरदेवाकडे बघावं तसं. "शनिवारी संध्याकाळी, आपल्या मोठ्या सभागृहात. शेवटचा दौरा आहे म्हणे त्याचा. आणि पुढचं ऐका. त्याला तुम्हाला भेटायचंय." "मला?" "तुम्हालाच. आयोजकांना त्यानं स्वतः विचारलं, माझं सगळं ज्याच्याकडे आहे तो माणूस याच गावचा ना? दोनदा विचारलं. आता तुम्ही काय घालता ते ठरवा. हा शर्ट नको." निरीक्षकाने रेकॉर्ड कव्हरात सरकवली. बोटं थरथरत होती. बाईंना ती भक्तीने थरथरताहेत असं वाटलं, आणि त्याने नेहमीप्रमाणे तसं वाटू दिलं.

कारण ही गंमत आता फार जुनी झाली होती आणि ती कुणाला सांगण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. जॅझचं वेड असलेले जे काही दहावीस लोक त्या शहरात होते, त्यांच्या लेखी वजनमापे खात्यातला हा अबोल निरीक्षक म्हणजे दौऱ्यावर येणाऱ्या त्या ट्रंपेटवाल्याचा सगळ्यात मोठा भक्त होता. ट्रंपेटवाल्याच्या कंपनीने काढलेल्या रेकॉर्डी कुणीही जमवील. हा जमवायचा त्या चोरट्या. कुठल्यातरी क्लबात कुणीतरी ओव्हरकोटाच्या बाहीत मायक्रोफोन लपवून नेलेला असतो, किंवा पडद्यामागच्या इलेक्ट्रिशियनने गुपचूप टेप फिरवलेली असते. मग कुठल्यातरी गल्लीतल्या प्रेसवर तिच्या दोन-चारशे प्रती निघतात. कव्हर कोरं पांढरं, लेबलवर अस्तित्वात नसलेल्या कंपनीचं नाव, गाण्यांची नावं अर्धी चुकलेली. वाजवली की आधी ग्लासांचा आवाज येतो, मग कुणीतरी खुर्ची ओढतं, आणि मग लांबून, ब्लँकेटखालून यावं तसं ट्रंपेट. अशा रेकॉर्डींनी निरीक्षकाच्या मागच्या खोलीची तिन्ही कपाटं भरली होती. पाहुणे येत, कपाटांपुढे देवळात उभं राहिल्यासारखे उभे राहत, आणि कव्हरांच्या कडेला चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या बघून विचारत, ही वर्गवारी कशी केलीय तुम्ही? सालाप्रमाणे? गावाप्रमाणे? निरीक्षक म्हणे, "दर्जाप्रमाणे." ते खरंच होतं. पिवळी पट्टी म्हणजे किरकोळ चूक, सूर जरा खाली लागलेला. निळी म्हणजे गंभीर, तान मध्येच तुटलेली. लाल पट्टीची चूक अक्षम्य. ट्रंपेटवाला दारू पिऊन मंचावर चढलेला, गाणं विसरलेला, भलत्याच पट्टीत घुसून बाकीच्यांना तोंडघशी पाडलेला. निरीक्षक या माणसाचा द्वेष करत होता. सकाळी दहा ते पाच लोकांच्या तराजूंतली खोट काढायची आणि सहानंतर या एकाच्या ट्रंपेटमधली, असं त्याचं आयुष्य चाललं होतं, आणि दुसऱ्या कामाला सुट्टी नव्हती.

कंपनीच्या रेकॉर्डींचा या कामाला उपयोग नव्हता. तिथे कलावंत न्हाऊनमाखून, भांग पाडून येतो. चुकलेलं सगळं कापून टाकलेलं असतं. चोरट्या रेकॉर्डीवर तो उघडा सापडतो. घराची झडती घ्यायला पोलीस यावेत आणि मालक नुकता झोपेतून उठून धोतराची गाठ शोधत असावा, तसा. निरीक्षक दिवा लावून, पाठ ताठ करून, सुई खाली ठेवी आणि वाट बघे. ट्रंपेट चुकलं की त्याच्या छातीत कुठेतरी एक गोड कळ उठे. चुकलं नाही, सगळी बाजू तो माणूस नुसता सुंदर वाजवत राहिला, की त्याची ती संध्याकाळ वाया जाई. "लोक गाणं ऐकताना डोळे मिटतात," बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुम्ही दात मिटता. एवढा त्रास होतो तर ऐकता कशाला म्हणते मी." तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं." तिला खरंच कळण्यासारखं नव्हतं, कारण तिने सासऱ्यांना कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीवर त्यांचा एक फोटो होता, कसल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला. मोठा करताना चेहरा इतका विरला होता, की तो कुणाचाही बाप असू शकला असता.

बाप खुर्च्यांच्या गाद्या भरायचा. कापूस, काथ्या, नंतर नंतर स्पंजचे तुकडे. तोंडाला फडकं बांधून काम करा असं मालक सांगायचा, पण फडकं बांधलं की विडी ओढता येत नाही, म्हणून कुणी बांधत नसे. त्या बारीक तुसांनी त्याची छाती भरत गेली, खुर्च्यांसारखीच, दाबून दाबून. शहरातलं मोठं सभागृह नव्याने सजवलं तेव्हा तिथल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्या कारखान्याने भरल्या. उद्घाटनाच्या कार्यक्रमाला कारागिरांना फुकट पास मिळाले. बाकीच्यांनी ते विकून टाकले. बाप म्हणाला, "चल रे, तुझा तो भोंगेवाला येतोय ना?" मुलगा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता आणि रेडिओवर रात्री लागणाऱ्या त्या ट्रंपेटच्या पायी वेडा होता. हो, वेडा. हे तो आता कुणाजवळ कबूल करत नसे, स्वतःजवळ तर मुळीच नाही. पास तिसऱ्या रांगेचे निघाले. बापाने बसायच्या आधी खुर्चीची गादी अंगठ्याने दाबून पाहिली, शेजारची दाबून पाहिली, मागच्या रांगेत बसलेल्या एका बाईंना "जरा उठता का" म्हणून त्यांचीही दाबून पाहिली आणि समाधानाने म्हणाला, "ही माझी. तुझी कुणा हरामखोरानं भरलीय, बूड दुखेल." मुलगा लाजेने आणि आनंदाने एकदमच लाल झाला. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला आपला बाप आणि समोर, इतक्या जवळ, तो माणूस, ज्याच्या बुटांची लेससुद्धा दिसत होती.

मग ते संथ गाणं आलं. पियानो थांबला, ड्रमवाला कातड्यावर नुसता ब्रश फिरवू लागला आणि ट्रंपेट एकटं उरलं. सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं आणि बापाला खोकला आला. कोरडा, दोन ठोक्यांचा. ट्रंपेटवाल्याने डोळे उघडले. तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आणि ट्रंपेटच्या तोंडावर टोपण धरून त्याने तो खोकला वाजवून दाखवला, जसाच्या तसा, दोन ठोके. लोक हसले. बाप पुन्हा खोकला. त्याने पुन्हा नक्कल केली, या वेळी शेवटी एक घरघर जोडून. लोक जास्त हसले. मुलगा उठला आणि पाणी आणायला बाहेर धावला. बाहेरच्या दालनात नळ होता, ग्लास साखळीने बांधलेला. दुसरा ग्लास मागून घेईपर्यंत वेळ गेला. परत आला तर दरवानाने दार धरलं. "गाणं संपेपर्यंत आत सोडता येत नाही." "वडील आहेत हो आत. खोकताहेत." "ऐकू येतंय की," दरवान म्हणाला. आणि त्या बंद दाराआडून मुलाने तो हशा ऐकला. सगळं सभागृह एकाच वेळी, पोट धरून, गडगडाट होऊन हसत होतं, टाळ्या पिटत होतं, आणि त्या हशाच्या तळाशी त्याचा बाप खोकत होता. हातातल्या ग्लासातलं पाणी हिंदकळून त्याच्या बाहीत गेलं. दार उघडलं तेव्हा बाप मफलर तोंडावर दाबून बसला होता. डोळे वाहत होते. पाणी त्याने घेतलं नाही. घरी जाताना वाटभर त्याचे खांदे हलत होते, मफलर तोंडावर तसाच. बापाला रडताना मुलाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तुलना करायला काही नव्हतं. पुढे एकदाच, गादीला टाके घालताना, बापाने मान वर न करता विचारलं, "तू ऐकलंस का रे त्या दिवशी?" बापाला बरं वाटावं म्हणून मुलगा म्हणाला, "नाही. मी बाहेर होतो ना." "हं," बाप म्हणाला आणि त्याने दोरा दाताने तोडला. थंडी आली, आणि थंडीबरोबर बाप गेला.

तेव्हापासून हे चालू होतं. सुरुवातीला निरीक्षकाने एक चोरटी रेकॉर्ड घेतली ती त्याच रात्रीची असेल या आशेने. ती नव्हती, पण तिच्यावर ट्रंपेटवाला एका जागी साफ घसरला होता. निरीक्षकाने ती जागा सुई उचलून उचलून पुन्हा ऐकली. एवढं बरं त्याला बाप गेल्यापासून वाटलं नव्हतं. त्या रात्रीची रेकॉर्ड निघाली होती एवढं सगळे संग्राहक सांगत, एकाच्या मेहुण्याने पाहिलीही होती, पण मिळत कुणालाच नसे. बाकी सगळ्या मिळत गेल्या. आता माणूस स्वतः चालून येत होता. बाईंनीच सुचवलं होतं की कार्यक्रमाच्या आधी सत्कार, आणि सत्कारात निरीक्षकाच्या संग्रहातले काही दुर्मिळ क्षण सभागृहाला ऐकवायचे. वाद्यांच्या दुकानामागे एक माणूस हवी तर एकच रेकॉर्ड कोरून देतो, त्याच्याकडून एक करून घ्या. "दुर्मिळ क्षण," निरीक्षक म्हणाला. "जरूर." त्या आठवड्यात त्याने लाल पट्टीच्या रेकॉर्डी काढल्या आणि त्यांतून एक तबकडी कोरून घेतली. घसरलेले सूर, फाटलेले सूर, विसरलेली गाणी, एकदा तर चक्क ढेकर. एकापाठोपाठ एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता. कोरणाऱ्याने ऐकून विचारलं, "साहेब, हा माणूस शिकाऊ आहे का?" निरीक्षकाने त्याला जास्तीचे पैसे दिले. ऑफिसात त्या आठवड्यात त्याने कुणालाही दंड केला नाही. एका किराणावाल्याच्या काट्याखाली चुंबक सापडलं तरी, "काढून टाका बरं ते," एवढंच म्हणाला. किराणावाला रात्रभर झोपला नाही म्हणतात. त्याला वाटलं साहेबांनी आता काहीतरी फार मोठं धरून ठेवलंय.

शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी आल्या. घरी त्या कधी येत नसत. बायकोने पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता त्यांनी पिशवीतून एक कोरं पांढरं कव्हर काढलं. "सभागृहाचा जुना इलेक्ट्रिशियन वारला. मुलगी सामान विकत होती. माळ्यावर एक मिळाली. एकच." निरीक्षकाने कव्हरावर हात ठेवला. ती त्याच रात्रीची आहे हे कळायला उघडून बघायची गरज नव्हती. "पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "देव येण्याच्या आदल्या दिवशी काय पैसे घ्यायचे." त्या गेल्यावर तो रेकॉर्ड घेऊन मागच्या खोलीत गेला. ऐकावी की नाही असा प्रश्न नव्हता. पण तो हशा पुन्हा एकदा, आणि या वेळी दाराआडून नव्हे, आतून ऐकायचा होता. दाढ काढून घ्यायला बसल्यासारखं त्याने खुर्चीला दोन्ही हातांनी धरलं. सुई खाली गेली. करकर. खुर्च्या. कुणाचीतरी पर्स बंद झाल्याचा आवाज. आणि मग ते संथ गाणं, तो पियानो थांबला, ते ब्रश, ते एकटं ट्रंपेट. आणि खॉक्, खॉक्. इतक्या वर्षांनी. फोटोतला चेहरा विरला होता, पण हे विरलं नव्हतं. या दोन ठोक्यांत तुसं होती, विडी होती, सकाळी मोरीत वाकलेली पाठ होती. ट्रंपेटने नक्कल केली. लोक हसले. पुन्हा खोकला, पुन्हा नक्कल, ती घरघर. इथे पावलं ऐकू आली, घाईची, लांब जाणारी. ती त्याची स्वतःची होती.

आणि मग बाप खोकला. पण हा खोकला नव्हता. तीन ठोके, अगदी ब्रशच्या लयीवर, आणि तिसरा वर उचललेला, प्रश्न विचारल्यासारखा. ट्रंपेटवाला क्षणभर गप्प झाला. मग त्याने तीन ठोक्यांचं उत्तर दिलं. बापाने चार टाकले, मधला एक खाऊन. ट्रंपेटने तेही कसंबसं उचललं. लोक आता हसत नव्हते, ऐकत होते. मग बापाने पुन्हा तेच चार सुरू केले, एक, दोन, आणि थांबला. ट्रंपेटवाला उरलेल्या दोनांची वाट बघत राहिला. ब्रश फिरत राहिले. तो वाट बघत राहिला. शेवटी, आता काही हा म्हातारा खोकत नाही असं ठरवून, त्याने लांबलचक सूर लावायला फुफ्फुसं भरली, सूर लावला, आणि नेमक्या त्याच ठोक्यावर बाप खोकला. खॉक्. ट्रंपेटचा सूर मधोमध चिरला. शेपटीवर पाय पडलेल्या बदकासारखा काहीतरी आवाज निघाला. आणि तो हशा आला. गडगडाट. टाळ्या. तोच, दाराआडचा. पण आता आतून ऐकल्यावर त्याची दिशा कळत होती. तो तिसऱ्या रांगेवर कोसळत नव्हता, मंचावर कोसळत होता. त्या गदारोळात मागून कुणीतरी स्वच्छ ओरडलं, "वा काका! काढलीत खोड!" आणि सगळ्यांच्या वर, मफलरमधून, एक माणूस गुदमरून गुदमरून हसत होता.

निरीक्षकाने सुई उचलली नाही. ती कडेपर्यंत गेली आणि तिथे घासत राहिली. दारात बायको उभी होती, हाताला पीठ. "कोण हो तो खोकणारा?" ती म्हणाली. "काय मजेत खोकतोय. इतक्या वर्षांत तुमच्या एवढ्या तबकड्यांत मला आवडलेला हा पहिला माणूस." मग त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "रडताय का?" "नाही," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपले खांदे हलताहेत, आणि ते कशाने हलताहेत हे बाहेरून बघणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

ती रात्र त्याने फार वाईट घालवली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. आधी बापाचा. सांगितलं का नाही? एक ओळ पुरली असती. पण ते कसं सांगायचं असतं? मी खोकलो, मग त्यानं वाजवलं, मग मी खोकलोच नाही. हे जो तिथे नव्हता त्याला सांगून काय कळतं? तू ऐकलंस का, एवढंच विचारता येतं, आणि ते विचारलं होतं. मग ट्रंपेटवाल्याचा राग, आणि हा जुन्यापेक्षा वाईट, कारण त्याला आता तळ नव्हता. बापाने आपला हिशेब जागच्या जागी, दोन मिनिटांत, एकही पैसा खर्च न करता मिटवला होता. आणि आपण ही तीन कपाटं घेऊन बसलोय. सूड कधीच घेऊन झालेला आहे, घेणारा हसत घरी गेलेला आहे, आणि आपण त्याच्या मागे इतकी वर्षं नुसता ग्लास घेऊन दाराबाहेर उभे आहोत. बरं, त्या बापाच्या आयुष्यातली सगळ्यात मजेची संध्याकाळ त्याने कुणाबरोबर घालवली? या भोंगेवाल्याबरोबर. आपण पाणी आणायला गेलो होतो. पहाटे तो उठला, कोरून घेतलेली तबकडी त्याने एकदा ऐकली, आणि ती त्याला शाळकरी पोराने मास्तरांच्या खुर्चीवर ठेवलेल्या टाचणीसारखी वाटली. पण राग गेला नव्हता. त्याला फक्त जायला जागा उरली नव्हती, आणि असा राग घेऊन माणूस कुठेही जाऊ शकतो.

मंचामागच्या खोलीत आरशाभोवती दिवे लावले होते आणि त्यातले निम्मे गेलेले होते. ट्रंपेटवाला गरम पाण्याच्या पेल्यात ओठ बुडवून बसला होता. तो म्हातारा झाला असेल हे निरीक्षकाला माहीत होतं, पण इतका होईल असं वाटलं नव्हतं. कोट तेवढाच राहिला होता आणि माणूस आतल्या आत आटला होता. बाईंनी ओळख करून दिली, "हे आपले साहेब," आणि दार ओढून घेतलं. ट्रंपेटवाल्याने पेला खाली ठेवला. "बसा. माझं सगळं तुमच्याकडे आहे म्हणतात." "आहे." "या गावचं आहे?" त्याने ते इतक्या सहज विचारलं, की निरीक्षकाने कान टवकारले. काट्याखाली चुंबक असलेला दुकानदार असाच सहज बोलतो. "कुठलं?" निरीक्षक म्हणाला. "या सभागृहाचं उद्घाटन झालं होतं बघा." "त्याची रेकॉर्ड कुठे मिळते." "मिळत नाही," म्हातारा म्हणाला, "कारण मी विकत घेतो. दिसेल ती. आणि मोडतो. हातानं. तुम्ही हसाल, पण मला आज तुम्हाला भेटायचं होतं ते एवढ्यासाठी." निरीक्षक हसला नाही. मांडीवरच्या पिशवीत ती रेकॉर्ड होती. त्याने तिच्यावर हात आडवा ठेवला.

"एक जण होता तिसऱ्या रांगेत," ट्रंपेटवाला आरशाकडे बघत म्हणाला. "मफलरवाला. मी जरा थट्टा केली. करायचो तेव्हा, लोकांना आवडतं. तर त्यानं मला असा धरला साहेब, असा धरला... मी मोठमोठ्यांबरोबर वाजवलंय. असा कुणी धरला नाही. आणि गंमत म्हणजे ते तिथे संपलं नाही. त्या गाण्यात त्या जागेवर आलो की मी थांबतो. आजही. वाटतं, आता खोकेल. सूर लावायचा धीर होत नाही. लोक म्हणतात, काय तो विराम! एकानं त्यावर पुस्तक लिहिलंय. तुमच्या लक्षात आला असेल तो." निरीक्षकाच्या लक्षात आला होता. ते गाणं असलेल्या झाडून सगळ्या रेकॉर्डींवर ती जागा होती. उशिरा प्रवेश, किरकोळ, पिवळी पट्टी. त्या रात्रीच्या आधीच्या एकाही रेकॉर्डीवर ती नव्हती. त्याने ते दारूचं मानलं होतं. तिन्ही कपाटांत पसरलेल्या त्या पिवळ्या पट्ट्या, आणि प्रत्येकीखाली नेमकी एका खोकल्याएवढी रिकामी जागा. "कोण होता हो तो?" ट्रंपेटवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "तुम्ही इथले. तुम्हाला काही कळलं असेल. मी आयोजकांना विचारलं, दरवानाला विचारलं, कुणी सांगेना. एकदा भेटायचं होतं मला त्याला. शिव्या घालायच्या होत्या. आता शिव्यासुद्धा नकोत."

निरीक्षकाने त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो या माणसावर सुई ठेवून वाट बघत बसला होता, आणि आता दुखरी जागा त्याने आपण होऊन उघडी केली होती. एक शब्द पुरला असता. माझा बाप. मग म्हातारा त्याचा हात धरणार होता, रडणार होता, दोघं बापाविषयी बोलणार होते, खुर्च्यांविषयी, विडीविषयी; आणि त्यानंतर काही उरणार नव्हतं. "माहीत आहे मला," निरीक्षक म्हणाला. "कोण?" "सांगणार नाही." "का?" "असंच." "अहो, पण... निदान एवढं तरी सांगा. आहे का तो?" निरीक्षक उठला. पिशवी काखेत मारली. जन्मभर लोकांच्या मापातली खोट पकडलेल्या त्या माणसाने आयुष्यातलं पहिलं खोटं माप घातलं, आणि त्याचा हात जराही हलला नाही. "आहे की," तो म्हणाला. "आज येणार आहे. तिसऱ्याच रांगेत."

बाहेर बाई त्या कोरलेल्या तबकडीची वाट बघत होत्या. "तडा गेला," त्याने सांगितलं. "दुर्मिळ क्षण नाहीत." बाईंचा चेहरा पडला, सत्कार हार घालून आटोपता घेतला. निरीक्षक तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. खुर्च्या केव्हाच बदलल्या होत्या, आता सगळ्या कुठल्यातरी यंत्राने भरलेल्या, सारख्या. दिवे मावळले. ट्रंपेटवाला मंचावर आला, लोकांच्या टाळ्यांना वाकला, आणि वाकतानासुद्धा त्याचे डोळे वर होते. तिसऱ्या रांगेतल्या एकेका चेहऱ्यावरून तो हळूहळू सरकत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. ते संथ गाणं त्याने घ्यायला नको होतं. घेतलं. पियानो थांबला, ब्रश फिरू लागले, ट्रंपेट एकटं उरलं, त्या जागेपर्यंत आलं आणि थांबलं. सभागृहाने श्वास धरला. ट्रंपेट ओठांना लावलेलं, मान किंचित कलती, तो कान देऊन उभा होता. एवढा मोठा विराम कुणी कधी ऐकला नव्हता. निरीक्षकाच्या घशात खवखव झाली. बापाकडून आलेली असणार. चांगली दोन ठोक्यांची होती, जिभेच्या मुळाशी येऊन बसली, सुटायला धडपडू लागली. त्याचे डोळे पाण्याने भरले. त्याने ती खवखव गिळली. मंचावर म्हातारा वाट बघत राहिला.